खलनायकाचे दुसरे मरण : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील राक्षसी रूपांतरांची तुलना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात राक्षस दोन वाटांनी येतात. ट्रोल, ओगर, ड्रॅगन हे जन्माने राक्षस. त्यांना दुसरे काही होण्याचा पर्यायच नसतो. दुसऱ्या वाटेने येणारे मुळात राजे, सेनानी, पुरोहित किंवा जादूगार असतात. मृत्यूची धास्ती, सूड, हाव किंवा अतृप्त राहिलेले प्रेम यांपायी ते माणूसपण गमावतात आणि बदल्यात नवे शरीर, नवे सामर्थ्य मिळवतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेचा मुख्य खलनायक बहुधा या दुसऱ्या वाटेचा असतो, कारण त्याला भूतकाळ असतो आणि त्याला हरवण्याची किल्ली त्या भूतकाळात दडलेली असते. लिच, व्हॅम्पायर, डेथ नाइट, ममी लॉर्ड आणि ड्रॅकोलिच ही अशी सर्वांत बलाढ्य रूपांतरे. त्यांची तुलना हा येथील विषय आहे.

खेळाची मांडणी साधी आहे. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते आणि सगळ्या पात्रांची मिळून एक पार्टी होते. डंजन मास्टर जग उभे करतो, गावच्या खानावळवाल्यापासून खलनायकापर्यंत सर्वांच्या भूमिका वठवतो आणि नियमांचा निवाडा देतो. कृती साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मार सोसण्याची ताकद हिट पॉइंटमध्ये मोजली जाते. ते शून्यावर आले की सामान्य राक्षस मरतो. रूपांतर झालेल्या खलनायकाचे वेगळेपण याच क्षणी दिसू लागते. शून्यावर येऊनही तो संपत नाही. म्हणून अशा खलनायकांची तुलना करताना पहिला प्रश्न 'तो किती जोरात मारतो' हा नसून 'तो मेल्यावर काय होते' हा असायला हवा.

परंपरा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली टीएसआर या कंपनीने अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रकाशित केला. व्हॅम्पायर त्या पहिल्या संचातच होता. त्याच्यामागे ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी आणि तिच्यावर निघालेले चित्रपट उभे होते. लिच १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला. १९७८ साली छापल्या गेलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसात गायगॅक्स यांनी सापळ्यांनी भरलेल्या थडग्याच्या टोकाला अ‍ॅसरॅक या डेमीलिचची रत्नजडित कवटी ठेवली. तिला हात लावणाऱ्याचा आत्मा ती ओढून घेई. १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ'मध्ये डेथ नाइट आला. त्याचे जनक चार्ल्स स्ट्रॉस पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावारूपाला आले.

या परंपरेला वळण दिले ते १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'ने. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने त्यात बरोव्हिया प्रांताचा स्वामी स्ट्राड फॉन झारोविच हा व्हॅम्पायर उभा केला. तोवर व्हॅम्पायर म्हणजे एखाद्या खोलीत पार्टीची वाट पाहत बसलेला राक्षस. स्ट्राड वाट पाहत बसत नाही. तो वाड्यात फिरतो, डाव आखतो, मध्येच हल्ला करून निघून जातो, आणि या सगळ्यामागे त्याचे कारण असते. त्यानंतर खलनायकाचे रूपांतर हा नुसत्या ताकदीचा मामला राहिला नाही. ते त्याच्या स्वभावाचे फळ ठरले.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

तुलनेची सुरुवात बहुतेक जण चॅलेंज रेटिंगपासून करतात. एखाद्या राक्षसाचे रेटिंग १३ असेल, तर तेराव्या पातळीवरच्या, विश्रांती घेऊन ताज्यातवान्या झालेल्या चार पात्रांना तो जीव न गमावता पेलवावा, असा त्याचा अर्थ. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील 'मॉन्स्टर मॅन्युअल'नुसार व्हॅम्पायरचे रेटिंग १३, ममी लॉर्डचे १५, डेथ नाइटचे १७, प्रौढ निळ्या ड्रॅगनपासून झालेल्या ड्रॅकोलिचचेही १७ आणि लिचचे २१ आहे. हिट पॉइंट मात्र वेगळाच क्रम दाखवतात : ममी लॉर्ड ९७, लिच १३५, व्हॅम्पायर १४४, डेथ नाइट १८०, ड्रॅकोलिच २२५. (नंतर आलेल्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये यांतले बरेच आकडे बदलले आहेत, येथील तुलना २०१४ च्या आकड्यांवर आहे.)

रेटिंगमध्ये सर्वांत वर असलेल्या लिचचे हिट पॉइंट व्हॅम्पायरपेक्षाही कमी आहेत. त्याचे बळ शरीरात नसून विद्येत आहे. तो अठराव्या पातळीचा जादूगार असतो. शंभर किंवा त्याहून कमी हिट पॉइंट उरलेल्या पात्राला तो एका शब्दाने ठार करू शकतो. त्या पात्राला फासा टाकून बचाव करण्याची संधीही मिळत नाही. डेथ नाइटचे बळ तलवारीत आणि चिलखतात, ड्रॅकोलिचचे देहाच्या आकारात आणि श्वासातून फेकलेल्या विजेत. रेटिंग या सगळ्यांना एकाच पट्टीवर मोजते, पण ती पट्टी एका लढाईपुरती असते. चोवीस तासांत परत येणारा ममी लॉर्ड आणि पुन्हा कधीच न उठणारा राक्षस यांच्यात ती फरक करत नाही.

अधिक बारीक तुलनेला २००० साली आलेली तिसरी आवृत्ती सोयीची आहे. तिच्यात लिच आणि व्हॅम्पायर हे 'टेम्प्लेट' होते, म्हणजे आधीपासून असलेल्या पात्रावर चढवायचे साचे. तोच जादूगार एकदा लिच करून पाहायचा, एकदा व्हॅम्पायर. लिचच्या साच्याने बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व यांत प्रत्येकी दोनाची भर पडे. शारीरिक बळात काहीच नाही. व्हॅम्पायरच्या साच्याने शक्ती सहाने, चपळाई आणि व्यक्तिमत्त्व चाराने, बुद्धी आणि शहाणपण दोनाने वाढे. खेळाडूच्या पात्राला हे रूप घ्यायचे झाल्यास लिचसाठी चार पातळ्यांची आणि व्हॅम्पायरसाठी आठ पातळ्यांची किंमत धरली जाई. कागदावर व्हॅम्पायर दुपटीने भारी होता. तरी मोहिमेचा अखेरचा शत्रू म्हणून लिचचा दरारा कमी झाला नाही, कारण साच्यातल्या बेरजेत न मावणारी गोष्ट त्याच्यापाशी होती : मोडून टाकलेल्या देहातून परत येण्याची हमी.

म्हणून प्रत्येक रूपांतराला चार प्रश्न विचारावे लागतात. खलनायकाने काय दिले? त्याला काय मिळाले? नवे रूप टिकवण्यासाठी तो कशावर विसंबून आहे? आणि त्याचा कायमचा शेवट कसा होतो?

लिच : विद्येने विकत घेतलेले अमरत्व

लिच होण्याचा निर्णय पूर्णपणे स्वतःचा असतो. चुकून कुणी लिच होत नाही. आयुष्य संपत आले, पण अभ्यास संपला नाही, अशा जादूगाराची ही वाट. तो आपला आत्मा ठेवण्यासाठी फिलॅक्टरी नावाची वस्तू तयार करतो (नव्या पुस्तकात तिला वेगळे नाव आहे), बळी दिलेल्या जिवाचे रक्त मिसळलेले विष पितो, मरतो आणि उठतो. तिसऱ्या आवृत्तीत या फिलॅक्टरीचा हिशेबच दिलेला होता : ती बनवायला १,२०,००० सुवर्णमुद्रा आणि ४,८०० अनुभव-गुण लागत. बहुधा ती मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या आत ठेवून बंद केलेली धातूची छोटी पेटी असे. तिला ४० हिट पॉइंट होते, आणि धातू इतका कठीण की प्रत्येक घावातले पहिले २० गुण वायाच जात.

लिचचा देह नष्ट झाला तरी फिलॅक्टरी शाबूत असेल, तर एक ते दहा दिवसांत तिच्या जवळ त्याला नवा देह मिळतो. दिवस किती लागतील ते दहा बाजूंचा फासा ठरवतो. ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात प्राण ठेवणारा राक्षस आपल्या लोककथांत आहे आणि रशियन लोककथांतल्या अमर कोश्चेईचे मरण अंड्यातल्या सुईच्या टोकाशी आहे. लिच त्याच कुळातला. त्याच्याशी लढताना खरे साहस तलवारीचे नसून शोधाचे असते : पेटी कुठे आहे, तिच्यावर पहारा कुणाचा, ती कशाने फुटते.

त्याची परवड दुसरीकडे आहे. फिलॅक्टरीला वेळोवेळी आत्मे पुरवावे लागतात. ते थांबले की देह झडत जातो आणि शेवटी तरंगणारी कवटी उरते, तीच डेमीलिच. ज्याने ज्ञानासाठी मरण नाकारले त्याचा वेळ दुसऱ्यांचे जीव गोळा करण्यात जाऊ लागतो. डंजन मास्टरसाठी ही मोठी सोय आहे, कारण गावोगावची माणसे नाहीशी होण्याला त्यातून कारण मिळते आणि अज्ञात शत्रूपर्यंत पोहोचणारा माग तयार होतो.

व्हॅम्पायर : भुकेने बांधलेला सरदार

व्हॅम्पायरचे रूप मागून मिळते तसे लादलेही जाते. त्याने मारलेला आणि पुरलेला माणूस पुढच्या रात्री त्याचा गुलाम होऊन उठतो. म्हणून व्हॅम्पायर खलनायक एकटा क्वचितच असतो; त्याच्याभोवती त्याच्या कृपेवर जगणाऱ्या, त्याला घाबरणाऱ्या आणि मनातून त्याचा तिटकारा करणाऱ्या माणसांचे घराणे उभे राहते.

लढाईतली त्याची ताकद जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला त्याचे २० हिट पॉइंट आपोआप भरून येतात. पार्टीने एका फेरीत ३५ गुणांचे घाव घातले, तर पदरात पडतात जेमतेम १५. पवित्र पाणी किंवा तेजाचा घाव बसला तर पुढची एक फेरी ही भरपाई थांबते, आणि उन्हात किंवा वाहत्या पाण्यात ती होतच नाही. शिवाय उन्हात दर फेरीला त्याचे २० हिट पॉइंट जातात. हिट पॉइंट शून्यावर आले की तो धुके होऊन निसटतो. दोन तासांत आपल्या विश्रांतिस्थानी पोहोचला नाही तर नष्ट होतो. तिथे पोहोचला की तो तासभर निश्चेष्ट पडलेला असतो. त्याला संपवण्याची खरी संधी हीच. म्हणजे व्हॅम्पायरविरुद्धची लढाई दोन भागांची : आधी त्याला धुके करायचे, मग धुक्याचा पाठलाग करून शवपेटी गाठायची. पाठलागाची वाट पार्टीला आधीच ठाऊक नसेल, तर पहिला विजय वाया जातो.

स्ट्राडच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्ये त्याचे रेटिंग १५ आहे. तो जादूगारही आहे, आणि स्वतःच्या वाड्यात तो भिंतींतून, मजल्यांतून आरपार जातो. त्याला हरवण्याची साधने कुठे आहेत हे भविष्य सांगणारी मॅडम ईव्हा पत्ते मांडून सांगते आणि पत्ते प्रत्येक मोहिमेत वेगळे पडतात. पण त्याचा मूळ शाप भुकेचा नाही. भावाच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याचा जीव जडला. तिच्यासाठी त्याने काळ्या शक्तीशी करार केला आणि लग्नाच्या दिवशी सख्ख्या भावाला मारले. तात्यानाने वाड्यावरून उडी घेतली. तेव्हापासून तिचा चेहरा नव्या जन्मांत पुन्हा पुन्हा समोर येतो आणि ती कधीच त्याची होत नाही. त्याचे अमरत्व हीच त्याची शिक्षा आहे.

डेथ नाइट : पश्चात्ताप नाकारणारा वीर

डेथ नाइट हा पतित धर्मवीर. शपथ मोडलेल्या, पापाचे क्षालन न करता मेलेल्या योद्ध्याला शापाने हे रूप मिळते. त्याची तलवार फेरीत तीनदा चालते आणि दिवसातून एकदा तो अग्नी आणि मृत्यू यांचा गोळा फेकतो. त्या गोळ्याने होणारे नुकसान मोजायला सहा बाजूंचे वीस फासे टाकावे लागतात. आजूबाजूच्या मृतांच्या फौजेला तो पुरोहितांच्या मंत्रांपासून वाचवतो. त्यामुळे सेनापती म्हणून तो लिच आणि व्हॅम्पायर या दोघांपेक्षा सरस ठरतो.

त्याच्याकडे फिलॅक्टरी नाही, शवपेटी नाही. तरी तो पुन्हा उठतो, आणि जोवर त्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त होत नाही तोवर उठत राहतो. 'ड्रॅगनलान्स' मालिकेतला लॉर्ड सॉथ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. जगावरचे अरिष्ट टाळण्याची संधी त्याला मिळाली होती; पत्नीविषयीच्या संशयाने तो अर्ध्या वाटेतून माघारी फिरला आणि आगीत जळणाऱ्या पत्नीच्या तोंडून त्याला शाप मिळाला. असा खलनायक फोडता येण्याजोग्या कोणत्याही वस्तूवर विसंबून नसतो. त्याचा शेवट त्याच्या मनात दडलेला असतो, म्हणून पाचांत सर्वांत अवघड आणि सर्वांत नाट्यमय शेवट त्याचाच. ज्या पार्टीला संवाद आणि नैतिक पेच आवडतात तिच्यासाठी यासारखा शत्रू नाही. ज्या पार्टीला फक्त लढायचे आहे तिला तो अपुरा वाटेल.

ममी लॉर्ड आणि ड्रॅकोलिच

ममी लॉर्ड हा प्राचीन राजा किंवा काळ्या देवाचा पुरोहित. त्याचे हृदय वेगळे काढून बरणीत ठेवलेले असते. ते शाबूत असेपर्यंत चोवीस तासांत त्याला नवा देह मिळतो आणि ते फक्त आगीनेच नष्ट होते. हिट पॉइंट थोडे, आगीची धास्ती मोठी. पण त्याच्या स्पर्शाने लागणारी सड पार्टीला लढाईनंतरही छळते. सड लागलेल्या पात्राच्या जखमा भरत नाहीत आणि रोज त्याचे कमाल हिट पॉइंट घटत जातात. भूमी, थडगे आणि जुना शाप यांच्याशी बांधलेल्या कथेला तो शोभतो. देशोदेशी कारस्थाने करणाऱ्या शत्रूच्या भूमिकेत तो अडखळतो.

ड्रॅकोलिचचा प्रकार वेगळा आहे, कारण त्यात राक्षसाचेच पुन्हा रूपांतर होते. मृत्यू नको असलेल्या ड्रॅगनला जादूगार विष देतात, त्याचा आत्मा रत्नात उतरवतात आणि मग त्याची हाडे उठतात. देह मोडला तर आत्मा रत्नात परततो आणि दुसऱ्या ड्रॅगनच्या कलेवराची वाट पाहतो. 'फरगॉटन रेल्म्स' या जगात सॅमॅस्टरने स्थापलेला ड्रॅगनपंथ हेच काम करतो. शरीरबळात ड्रॅकोलिच पाचांत पहिला, पण परत येण्यासाठी त्याला दुसऱ्यांचे हात लागतात. त्यामुळे त्याच्याबरोबर नेहमी एक पंथ असतो आणि तो पंथ फोडणे हाच त्याला एकटा पाडण्याचा मार्ग ठरतो.

या पाचांच्या बाहेरची रूपे

काही रूपांतरे बलाढ्य असूनही मुख्य खलनायकाला लाभत नाहीत. माइंड फ्लेअर या राक्षसाची अळी माणसाच्या मेंदूत शिरून त्याला आपल्या जातीचे करते, पण त्यात मूळ माणूस संपतो. सूड घ्यायला तो उरतच नाही. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळात हेच भय नायकांच्या डोक्यात ठेवले आणि ते तिथेच अधिक परिणामकारक ठरले. वेअरवुल्फचा शाप मंत्राने उतरू शकतो आणि साध्या वेअरवुल्फचे रेटिंग अवघे ३ आहे. तो शोकांतिकेला पुरतो, मोठ्या मोहिमेला नाही. 'ट्रू पॉलिमॉर्फ' या नवव्या पातळीच्या मंत्राने जादूगार ड्रॅगनही होऊ शकतो, पण हिट पॉइंट संपले की तो मूळ रूपात येतो आणि मंत्रभंग करूनही ते रूप उतरवता येते. किंमत न मोजता मिळालेले रूप सहज जाते.

दुसऱ्या टोकाला देवत्वाकडे नेणारी रूपे आहेत. व्हेक्ना हा जादूगार लिच होऊन तिथे थांबला नाही. डोळा आणि हात गमावूनही तो देव झाला. झारिएल ही देवदूत. नरकाविरुद्धच्या युद्धात तिचा पाडाव झाला आणि ती नरकाच्या पहिल्या थराची स्वामिनी झाली. २०१९ च्या 'डिसेंट इन्टू अ‍ॅव्हर्नस'मध्ये तिला संपवण्याइतकाच तिला परत वळवण्याचा मार्गही खुला आहे.

निवड

ही तुलना हाताशी ठेवून रूप निवडताना क्रम महत्त्वाचा. आधी खलनायकाची भीती किंवा इच्छा ठरवावी : अपुरी विद्या असेल तर लिच, ताबा मिळवण्याची हाव असेल तर व्हॅम्पायर, नाकारलेला अपराध असेल तर डेथ नाइट, गमावलेले सिंहासन असेल तर ममी लॉर्ड, आणि मृत्यूपुढेही न वाकणारी ड्रॅगनची मिरास असेल तर ड्रॅकोलिच. त्यानंतर पार्टीची पातळी पाहावी. दहाव्या पातळीच्या आसपास संपणाऱ्या मोहिमेत व्हॅम्पायर किंवा ममी लॉर्ड पेलतो. खराखुरा लिच सतराव्या पातळीच्या पुढेच न्याय्य ठरतो. रेटिंगचा विचार शेवटी करावा, कारण हिट पॉइंट आणि मंत्र डंजन मास्टरला कमी-जास्त करता येतात; खलनायकाची किंमत आणि त्याचे कुलूप मात्र कथेच्या गाभ्यात असते.

त्या कुलपाची किल्ली पार्टीला सापडण्याजोगी ठेवणे ही डंजन मास्टरची जबाबदारी आहे. फिलॅक्टरीचा, हृदयाच्या बरणीचा किंवा जुन्या अपराधाचा सुगावा एकाच जागी ठेवला आणि ती जागा पार्टीच्या वाटेत आलीच नाही, तर खलनायक अजिंक्य ठरतो आणि मोहीम अर्धवट थांबते. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या वाटांनी कळेल अशी सोय केली, तर खलनायक पहिल्यांदा पडून परत उठला तरी खेळाडूंना फसवल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्यांदा त्याला कुठे गाठायचे आणि कशाने संपवायचे, हे तोवर त्यांनी स्वतः शोधून काढलेले असते.